व्हॉल्व्ह रात्री आपोआप उघडतोय. सेन्सरचा वायरलेस डेटा सुरक्षित कसा करायचा, तेही बॅटरी न संपवता?

द्राक्षवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग, तीन प्लॉट. मी आणि थोरला भाऊ बघतो. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय पण नोकरी केली नाही, त्यामुळे सगळी हौस बागेतच भागवतो. दोन वर्षांपासून घरी बनवलेली सिस्टीम चालू आहे. माती आणि पानांचा ओलावा मोजणारे सहा नोड, म्हणजे शेतातल्या छोट्या पेट्या (८ मेगाहर्ट्झचा एव्हीआर प्रोसेसर, सोबत कमी बॅटरीत लांब जाणाऱ्या लोरा रेडिओचं मॉड्यूल, ८६५ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा), ठिबकचे तीन व्हॉल्व्ह उघडणारे तीन नोड, मोटरच्या खोलीवर निरोप पुढे ढकलणारा एक रिपीटर, आणि घरी सगळं गोळा करणारा गेटवे. ओलाव्याचे नोड दर १५ मिनिटांनी रीडिंग पाठवतात आणि झोपतात. व्हॉल्व्हच्या नोडना छोटं सोलर पॅनेल आहे, ते सतत ऐकत असतात.

प्रॉब्लेम असा. या महिन्यात तीन वेळा तीन नंबरचा व्हॉल्व्ह रात्री आपोआप उघडला. रात्री मोटर विहिरीतलं पाणी शेततळ्यात टाकत असते, ते सगळं प्लॉटात गेलं. मण्यात पाणी उतरलेलं आहे, आता जास्त पाणी म्हणजे मणी तडकणार. भाऊ म्हणतो, "तुझा खेळ बंद कर, मी हाताने चाक फिरवतो."

मला संशय आहे की कोणीतरी मुद्दाम करतंय. बांधावरून थोडी कुरबुर चालू आहे, तपशील इथे नको. दीड महिन्यापूर्वी मी एईएस-१२८ (किल्लीने निरोप सांकेतिक करायची पद्धत) टाकलं, तरीही हे झालं. एईएस फुटतं का? की आणखी भारी काही टाकू? पण भारी टाकलं की सेल किती दिवस टिकणार, तेही सांगा.

निवांत | सोमवार, रात्री १०:०५

तुमच्या मातीचा ओलावा चोरून कोणाला काय मिळणार आहे राव? आमच्याकडे लोक केबल आणि मोटर चोरतात, डेटा नाही. व्हॉल्व्ह उघडणारं सोलेनॉइड (विजेवर सरकणारा खटका) चिकटत असेल, आधी ते उघडून बघा.

प्राजक्ता_फर्मवेअर | सोमवार, रात्री १०:५०

निवांत यांचं सोलेनॉइड तपासायचं म्हणणं योग्य आहे, ते कराच. बाकी, "एईएस टाकलं" म्हणजे नक्की काय टाकलं? कुठला मोड? पाकिटात, म्हणजे एका वेळी हवेत जाणाऱ्या निरोपात, काय काय आहे? किल्ली कुठून घेतली? हे कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आणि खुद्द एईएस अजून फुटलेलं नाही. फुटतं ते आपण भोवती बांधलेलं.

द्राक्षवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

सोलेनॉइड ठीक आहे ताई, लॅचिंगचं आहे. पल्स मिळाल्याशिवाय हलत नाही, काढून बघितलं.

पाकीट १६ बाइटचं. पहिला बाइट नोडचा नंबर, दुसरा हुकूम, तिसरा व्हॉल्व्ह नंबर, चौथा किती मिनिटं उघडा ठेवायचा, बाकी शून्यं. रीडिंगच्या पाकिटातही तसंच, नंबर आणि पुढे सेन्सरचे आकडे. एईएसला १६ चा ब्लॉक लागतो म्हणून शून्यं भरलीत. मोड ईसीबी, लायब्ररीत तोच पहिला होता. किल्ली उदाहरणात होती तीच ठेवली, नंतर बदलू म्हणून. २बी ७ई १५ १६ ने सुरू होते. शिवाय सिंक वर्डही बदललाय, म्हणजे बाहेरच्याला ऐकूच जाऊ नये.

प्राजक्ता_फर्मवेअर | मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, चहाचा कप खाली ठेवला आधी.

२बी ७ई १५ १६ २८ एई डी२ ए६ एबी एफ७ १५ ८८ ०९ सीएफ ४एफ ३सी. बरोबर? पाठ आहे, कारण जगात सगळ्यांनाच पाठ आहे. २००१ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एईएसचं मानक छापलं, त्यात हिशोब कसा करायचा हे दाखवायला ही किल्ली नमुना म्हणून दिली होती. तिथून ती लायब्रऱ्यांमध्ये गेली, लोराच्या नमुना कोडमध्ये गेली आणि तिथून लोकांच्या शेतात. पोस्टातल्या फॉर्मवर "नमुना सही" छापलेली असते आणि आपण तीच करून येतो, तसं झालं.

ईसीबीचं म्हणाल, तर तोच १६ बाइटचा मजकूर त्याच किल्लीने टाकला की दरवेळी तेच १६ बाइट बाहेर पडतात. "तीन नंबर उघड, ४० मिनिटं" याचं सांकेतिक रूप आज, उद्या, पुढच्या वर्षी एकच. ते उलगडायची गरजच नाही. तुम्ही हुकूम देताना कोणी रेकॉर्ड केलं आणि रात्री तसंच वाजवलं, तर व्हॉल्व्ह उघडणार. किल्ली कितीही गुप्त असली तरी.

सिंक वर्डने काही लपत नाही. एका बाइटचा आहे तो, २५६ पर्याय. शेजारच्या नेटवर्कची पाकिटं आपल्या रेडिओने उगाच उचलू नयेत एवढ्यासाठीच असतो.

खरा मुद्दा निवांत यांच्या पोस्टमध्येच आहे. ओलावा चोरून कोणाला काही मिळणार नाही, खरंय. तुम्हाला गुपित राखायचंच नाहीये. तुम्हाला खोटा निरोप ओळखायचाय, आणि शिळा निरोपसुद्धा. जुन्या काळी "आई आजारी, ताबडतोब ये" अशी तार यायची. समजा गेल्या वर्षीचीच तार कोणी आज परत आणून दिली. तार खरी, पाठवणारा घरचाच, मजकूर खरा, आणि तरी तुम्ही उगाच रात्रीची गाडी पकडणार. तुमच्या व्हॉल्व्हला तारेवरची तारीख वाचता येत नाही.

मोटकरी | मंगळवार, दुपारी १:२०

प्राजक्ता यांनी तारेचं उदाहरण दिलं म्हणून दोन खऱ्या गोष्टी.

२००० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मरूची शायर भागात सांडपाण्याचे पंप रेडिओने चालायचे. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेला एक माणूस लॅपटॉप आणि रेडिओ गाडीत टाकून फिरायचा आणि पंपांना हुकूम सोडायचा. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. बरेच दिवस सगळ्यांना वाटत होतं की यंत्रणाच बिघडलीय. पुढे त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

दुसरी २०१७ च्या एप्रिलमधली, डॅलस शहरातली. वादळाची सूचना देणारे १५६ भोंगे मध्यरात्रीच्या सुमारास एकदम वाजायला लागले. तेही रेडिओवरूनच.

दोन्हीकडे कोणाचं गुपित फुटलं नव्हतं. हुकूम कोणाकडून आलाय हे विचारायची पद्धतच नव्हती.

वायरमन_तासगाव | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मला एईएस-बिईएस कळत नाही, आपलं काम स्टार्टर आणि पॅनेलचं. एकच विचारतो. तीनही वेळा किती वाजता उघडला? आणि त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती का रात्रीची?

द्राक्षवाला | मंगळवार, रात्री ९:१०

रात्रीची. बाराला येते, सकाळी आठला जाते. ऑटो स्टार्टर आहे, मोटर आपोआप चालू होते. व्हॉल्व्ह नक्की किती वाजता उघडला याची नोंद नाही, पहाटे चारला भाऊ गेला तेव्हा पाणी दिसलं.

वायरमन_तासगाव | मंगळवार, रात्री ९:२५

मग आज जागा. बाराला लाईट येताना काय होतंय ते बघा. लाईट येताना जेवढे घोटाळे होतात तेवढे चोर करत नाहीत.

द्राक्षवाला | बुधवार, दुपारी १२:३०

मंडळी, काय बोलू.

काल एक जादा मॉड्यूल लॅपटॉपला जोडलं, नुसतं ऐकायला ठेवलं आणि मोटरच्या खोलीजवळ गोधडी घेऊन बसलो. त्यात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली. रात्री साडेदहाच्या सुमारास एक पाकीट आलं, माझ्या किल्लीने उलगडलं, नोड नंबर २, ओलावा ७२. माझा नोड २ त्या वेळी समोर टेबलावर उघडा पडला होता, सेल काढलेला! सकाळी चौकशी केली तर पलीकडच्या वस्तीवर चुलत्याच्या मुलाने पाण्याच्या टाकीची पातळी बघायला नोड बसवलाय. तोच व्हिडिओ बघून, तोच कोड, तीच किल्ली, तोच सिंक वर्ड. "सिंक वर्ड हा टाका म्हणजे कोणाला ऐकू जात नाही" असं त्या व्हिडिओतच सांगितलंय. त्याची टाकी ७२ टक्के भरलेली होती. म्हणजे गेले काही दिवस माझ्या आलेखात प्लॉट दोनचा ओलावा मधूनच ७०-८० वर उडी मारायचा तो हा. मी त्यापायी सेन्सर बदलला होता. नवा घेतला होता!

दुसरी. बाराला लाईट आली. लॅपटॉपवर आलेलं असं:

००:०२:१७ – रिपीटर चालू
००:०२:१९ – ९ई ४१ ०७ सी३ … (१६ बाइट)
००:०२:१९ – व्हॉल्व्ह ३: उघडला, ४० मिनिटं

९ई ४१ ०७ सी३ कुठून आलं म्हणून मागची नोंद चाळली. काल सकाळी साडेसातला मीच घरून पाठवलेला हुकूम होता तो. अक्षर न अक्षर तोच.

आता कबुली. पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करायची, हुकूम मध्येच हरवायचा. म्हणून मी रिपीटरमध्ये लिहून ठेवलं होतं की शेवटचा हुकूम ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) साठव आणि परत चालू झालास की एकदा पुढे पाठव. विसरूनच गेलो होतो. व्हॉल्व्ह मिनिटं संपली की स्वतः बंद होतो, त्यामुळे "बंद कर" असा हुकूम कधी जातच नाही. रिपीटरच्या पोटात कायम "उघड"च.

बाकीच्या रात्री शेवटचा हुकूम एक नंबरचा असणार. तिथे नवी लागण आहे, वेली लहान, पाणी गेलं तरी कोणी बघत नाही.

बांधावरच्या माणसाबद्दल मनात जे आलं ते मागे घेतो.

निवांत | बुधवार, दुपारी १२:४८

हाहाहा. चोर घरातलाच निघाला.

वायरमन_तासगाव | बुधवार, दुपारी १:०५

गोधडीचे पैसे वसूल.

लोराभक्त | बुधवार, दुपारी २:३०

हे सगळं घरी दळत बसण्यापेक्षा सरळ लोरावॅन घ्या, लोरावर बांधलेली तयार नेटवर्क पद्धत. एईएस-१२८ आहे, नेटवर्कची किल्ली वेगळी, डेटाची वेगळी, प्रत्येक पाकिटाला क्रमांक, शेवटी निरोप खरा आहे हे तपासायला ४ बाइटचा शिक्का. सगळं तयार मिळतं.

प्राजक्ता_फर्मवेअर | बुधवार, रात्री ८:१५

लोरावॅन चांगलंच आहे, पण "तयार मिळतं" यावर विसंबू नका. जॉइन करण्याचे दोन मार्ग आहेत. ओटीएएमध्ये नोड दरवेळी नव्या किल्ल्या ठरवून घेतो. एबीपीमध्ये किल्ल्या आधीच कोरलेल्या असतात आणि त्याच राहतात. बऱ्याच जणांना एबीपी सोपं वाटतं. मग लाईट जाते किंवा सेल बदलतो, नोडचा क्रमांक परत शून्यावर येतो, सर्व्हर म्हणतो हे जुनं पाकीट आहे, फेकून देतो. फोरमवर विचारलं की उत्तर येतं, "सर्व्हरवर फ्रेम काउंटरची (म्हणजे याच क्रमांकाची) तपासणी बंद करा, चालेल." चालतंही. आणि द्राक्षवाल्यांचा रिपीटर होता तिथेच आपण परत येतो.

त्याहून वाईट म्हणजे, लोरावॅन डेटा झाकतं ते क्रमांकावरून बनवलेल्या बाइटांच्या माळेने. किल्ली तीच आणि क्रमांकही तोच परत आला, तर माळही तीच. एकाच माळेने झाकलेली दोन पाकिटं एकमेकांशी एक्सॉर केली (बिटाला बिट लावून फरक काढला) की माळ कटते आणि दोन रीडिंगमधला फरक उघडा पडतो. एक रीडिंग अंदाजाने माहीत असेल, आणि बागेतलं तापमान अंदाजाने कोणालाही माहीत असतं, तर दुसरं आपोआप कळतं. तिथे किल्ली फोडावीच लागत नाही.

द्राक्षवाला, तुमच्या नऊ नोडसाठी स्वतःचं पाकीट ठेवलंत तरी माझी हरकत नाही. फक्त सायफर, म्हणजे सांकेतिक करायची पद्धत, स्वतः शोधू नका. एईएस-सीसीएम वापरा. झिगबी या छोट्या उपकरणांच्या रेडिओखालचं ८०२.१५.४ हे मानक आणि ब्लूटूथ लो एनर्जी दोन्ही त्याच घराण्यातलं वापरतात. झाकणं आणि शिक्का मारणं एकाच किल्लीत होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, बॅटरी. यावर जरा वेळ घालवते, कारण इथे सगळे उलटं समजतात.

तुमच्या लोराची सेटिंग स्प्रेडिंग फॅक्टर १० (हा जितका जास्त तितका निरोप हळू आणि लांब जातो), बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ धरते. १६ बाइटचं पाकीट हवेत सुमारे ३३० मिलिसेकंद राहतं. १७ डीबीएम ताकदीने पाठवताना लोराची एसएक्स१२७६ चिप ८७ मिलिअँप खाते. गुणाकार करा, २८,७००. आता एईएस. अगदी सुस्त लायब्ररी धरा, एका ब्लॉकला एक मिलिसेकंद, पाच ब्लॉक, प्रोसेसर ५ मिलिअँप. गुणाकार २५. अठ्ठावीस हजारांपुढे पंचवीस! सायफर तुमची बॅटरी खात नाही. रेडिओ खातो. म्हणजे विचार करायचा तो हवेत जाणाऱ्या जादा बाइटांचा.

आणि इथे गंमत आहे. लोरा बाइट-बाइटने वाढत नाही, पायऱ्यांनी वाढतं. या सेटिंगला १५ ते १९ बाइट, काहीही पाठवा, वेळ तोच, ३३०. विसावा बाइट टाकला की पायरी चढते आणि २४ पर्यंत ३७१. तुमच्या १६ बाइटांत निम्मी तरी शून्यं आहेत, केवळ ईसीबीचा ब्लॉक भरायला. सीसीएमला भरती लागत नाही. तेव्हा नोड नंबर १, क्रमांक ४, डेटा ८, शिक्का ४, एकूण १७. हवेतला वेळ आहे तेवढाच, एक मिलिसेकंदही जास्त नाही. शून्यं वाहून न्यायला जी बॅटरी जात होती, तीच शिक्क्याला वापरायची.

मोटकरी | बुधवार, रात्री ९:३०

४ बाइटचा शिक्का कमी नाही का, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो.

२००६ च्या आसपास एमटेकला आम्ही मायका-२ नावाच्या नोडवर काम करायचो. ४ किलोबाइट रॅम! त्या नोडना इंग्रजीत मोट म्हणायचे. आमच्या सरांना दरवेळी विहिरीवरची मोट आठवायची, माझा आयडी तिथूनच आलाय. २००४ साली बर्कलीच्या मंडळींनी टायनीसेक नावाचं काम केलं होतं, त्यात हाच ४ बाइटचा प्रश्न आहे. त्यांचं उत्तर मला अजून आवडतं. इंटरनेटवर ४ बाइट म्हणजे पोरखेळ. पण त्या रेडिओवरून सेकंदाला फार तर ४० पाकिटं जातात. अंदाजाने शिक्का जुळायला सरासरी २ चा ३१ वा घात इतके प्रयत्न लागतात, म्हणजे २० महिन्यांहून जास्त काळ अखंड पाकिटांचा मारा करावा लागेल. तेवढ्या वेळात कोणाच्या लक्षात येणार नाही का? चॅनेलच इतकं हळू आहे की ते हळू असणंच कामाला येतं.

तुमच्या ३३० मिलिसेकंदांवर तोच हिशोब साडेबावीस वर्षांचा होतो. तोवर बाग दोनदा काढून लावाल.

फक्त चुकीचे शिक्के आले तर गेटवेने मोजावेत. तासाला दहापेक्षा जास्त आले की मोबाइलवर मेसेज.

द्राक्षवाला | गुरुवार, सकाळी ६:५०

ताई, मोटकरी, हे छापून मोटरच्या खोलीत लावतो.

दोन शंका. क्रमांक ४ बाइटचा, तो लाईट गेली तरी लक्षात राहिला पाहिजे. एव्हीआरचा ईईप्रॉम एका जागी एक लाख वेळा लिहिता येतो. दिवसाला ९६ पाकिटं, म्हणजे तीन वर्षांच्या आत संपला. आणि दुसरं, व्हॉल्व्हने हुकूम ताजा आहे हे ओळखायचं कसं? त्याच्याकडे घड्याळ नाही.

प्राजक्ता_फर्मवेअर | गुरुवार, सकाळी ९:१०

पहिल्याचं उत्तर: दरवेळी लिहू नका. ६४ पाकिटांमागे एकदा लिहा, आणि चालू होताना साठवलेल्या आकड्यात ६४ मिळवून पुढे चला. मधले काही क्रमांक वाया जातात, जाऊ देत, चारशे कोटींहून जास्त आहेत. एकच पथ्य: क्रमांक मागे कधीही यायचा नाही.

दुसऱ्याचं उत्तर: व्हॉल्व्हला ऐकत बसवूच नका. त्यानेच दर पाच मिनिटांनी उठून विचारायचं, "काही काम आहे का?" आणि त्या विचारण्यात आपला चालू क्रमांक पाठवायचा. गेटवेने उत्तर देताना तोच क्रमांक शिक्क्याच्या हिशोबात धरायचा. उत्तर सेकंदभरात आलं आणि शिक्का जुळला तरच उघडायचं. कालचं उत्तर आज कोणी ऐकवलं, मग तो तुमचा रिपीटर का असेना, क्रमांक जुळणार नाही. घड्याळ लागत नाही. ठिबकला पाच मिनिटांचा उशीर चालतो.

नॉन्समध्ये (माळ बनवताना किल्लीसोबत घालायचा, कधी परत न वापरायचा आकडा) दिशासुद्धा घाला. नोडकडून गेटवेला ०, गेटवेकडून नोडला १. नाहीतर दोघं एकाच क्रमांकाने एकच माळ वापरतील आणि काल सांगितलेला एक्सॉरचा घोळ होईल.

बॅटरीचं म्हणाल तर इथे तुमचा फायदाच आहे. सतत ऐकायला रेडिओ ११ मिलिअँपच्या आसपास खातो, दिवसाला २६० मिलिअँप-अवरच्या वर. दर पाच मिनिटांनी विचारून सेकंदभर ऐकलं तर रेडिओपुरतं पाचाच्या आत. पॅनेल काढून टाकाल.

रिपीटरने काही साठवायचं नाही. आलेलं पाकीट तसंच पुढे ढकलायचं. त्याला किल्लीही द्यायची नाही, त्याला आतलं वाचायची गरज काय?

निवांत | गुरुवार, सकाळी ११:००

म्हणजे मला जे फुकटचं वाटत होतं त्यात बॅटरी वाचते. बरं. पण नोड शेतात उघड्यावर असतो. कोणी उपटून नेला आणि त्यातली किल्ली काढली तर?

प्राजक्ता_फर्मवेअर | गुरुवार, दुपारी १:४०

हा प्रश्न सगळ्यात चांगला. काढू शकतो. चिप वाचायला अडवणारे लॉक बिट लावले तर कष्ट वाढतात, अशक्य होत नाही. म्हणून प्रत्येक नोडला वेगळी किल्ली, म्हणजे एक गेला तर एकच गेला. गेटवेकडे एक मुख्य किल्ली ठेवा, तिच्याने नोडचा नंबर एईएसमधून काढा, निघेल ती त्या नोडची किल्ली. मुख्य किल्ली शेतात जातच नाही.

एकच किल्ली सगळ्यांना दिली की काय होतं ते २०१६ मध्ये फिलिप्स ह्यू दिव्यांच्या बाबतीत दिसलं. झिगबीवर चालणारे दिवे, आणि फर्मवेअर (दिव्यातला प्रोग्रॅम) खरं आहे हे तपासायची किल्ली सगळ्यांत एकच. संशोधकांनी चिप किती करंट खाते ते मोजून ती काढली. त्यानंतर बिघडवलेलं फर्मवेअर एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात जाऊ शकतं, हे दाखवून दिलं. चिप उघडायचीही गरज पडली नव्हती.

लोराभक्त | गुरुवार, दुपारी ३:१५

एईएसऐवजी अॅस्कॉन का नाही? २०२३ ला एनआयएसटीने छोट्या उपकरणांसाठी तेच निवडलंय.

प्राजक्ता_फर्मवेअर | गुरुवार, दुपारी ३:३०

चालेल की. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या मंडळींचं आहे, सुबक आहे, झाकणं आणि शिक्का एकत्रच येतं. पण २५ चे १५ झाले तरी २८,७०० तसेच राहतात. आणि क्रमांक मागे आला तर तेही वाचवत नाही.

द्राक्षवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

उशिराबद्दल माफी, काढणी चालू होती. तीन नंबरचा माल गेला. खालच्या ओळीत थोडे मणी तडकले होते, ते निवडून बाजूला काढावे लागले.

सगळे नोड बदलले. १७ बाइट, सीसीएम, वेगळ्या किल्ल्या. व्हॉल्व्ह आता विचारून उघडतात. एक फजिती झाली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होऊ नये. हवेत काही पाकिटं हरवणारच म्हणून क्रमांक ५० पर्यंत पुढे गेला तर गेटवेने चालवून घ्यावं, असं मी ठेवलं होतं. आणि नोड मात्र प्रत्येक चालू होण्याला ६४ ची उडी मारणार! पहिला सेल बदलला आणि नोड ४ कायमचा परका झाला. दोन दिवस अँटेना तपासत होतो. आता क्रमांक पुढे असेल तर कितीही पुढे चालतो, शिक्का जुळला म्हणजे झालं.

चुलत्याच्या मुलाचीही किल्ली बदलून दिली. त्याच्याकडे कळलं की माझं प्लॉट दोनचं रीडिंग त्याच्या टाकीवर दिसायचं. टाकी कोरडी समजून त्याने दोनदा मोटर चालू केली होती, पाणी अंगणात.

व्हॉल्व्हच्या नोडची पॅनेलं मी काढली नाहीत, पण भावाने त्यातलं एक काढून गोठ्यातल्या दिव्याला लावलं. विचारलं नाही, नेलं.

मोटकरी | रविवार, रात्री ८:५५

कोड टाका इथे. बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

द्राक्षवाला | रविवार, रात्री ९:३०

टाकतो उद्या. किल्लीच्या जागी सोळा शून्यं असतील. कोणीतरी तशीच ठेवणार हे मला माझ्यावरूनच माहीत आहे, म्हणून चालू होतानाच तपासणी ठेवलीय. सगळी शून्यं असतील तर नोड नुसता लाल दिवा लुकलुकवतो, रेडिओ चालूच करत नाही. २बी ७ई असेल तरी तेच.